सागाला दिलेली धुरी

आभाळ निरभ्र असताना पावसाची भुरभुर ऐकू आली, तर माणसानं काय समजावं? त्या दिवशी दुपारी आई सांडग्यांकडं धावली आणि मी दोरीवरच्या कपड्यांकडं. सांडगे आत आले, कपडे आत आले, आम्ही दोघी ओसरीत उभ्या राहून वाट बघतोय, आणि थेंबाचा पत्ता नाही. आवाज मात्र चालूच होता, बारीक, एकसारखा, डोंगराच्या अंगानं येणारा. त्या वर्षी पावसानं आमच्याकडं पाठच फिरवली होती. दसऱ्यालाच गवत पिवळं पडलं होतं, त्यामुळं तो आवाज ऐकून आईचा चेहरा असा काही खुलला होता, की मला अजून तो दिसतो. मग आण्णा डोंगराकडून खाली आले आणि त्यांनी मूठ उघडली. तळहातावर मोहरीसारखे काळे दाणे होते. "अळीची लेंडी हाय," ते म्हणाले. "वरनं पडतीय. समद्या झाडांवर हाय."

आण्णा म्हणजे माझे वडील, फॉरेस्ट गार्ड. वैरागच्या पुढं बालाघाटाचे जे फाटे मैदानात उतरतात, त्यातल्या एका डोंगराच्या पायथ्याला आमचं सरकारी क्वार्टर होतं. दोन खोल्या, वर कौलं, पुढं ओसरी आणि मागं आईची चूल. गाव लांब, शाळेसाठी मी वैरागला आत्याकडं राहायची आणि दर शनिवारी आणि सुट्टी लागली की पळत घरी यायची. माझी लेक हल्ली हिमालयातल्या जंगलांवर काम करते. तिला एकदा मी कौतुकानं हा डोंगर दाखवायला नेलं, तर ती म्हणाली, आई, हे टेकाड आहे. असेल बाई. तिच्या देवदारांच्या मानानं टेकाडच. पण आम्हाला तोच डोंगर होता, आणि आण्णांना तर त्याच्यापलीकडं दुसरा डोंगर जगात असेल असं वाटतच नसावं.

त्या डोंगरावरचा साग आण्णांनी लावलेला. सरकारनं लावला असं कागदावर असेल, पण खड्डे खणताना, रोपं डोक्यावर नेताना आणि पहिले दोन उन्हाळे कावडीनं पाणी घालताना मी सरकारला बघितलं नाही, आण्णांना बघितलं. माझ्या जन्माच्या आसपास लावलेली ती झाडं आता माझ्या दुप्पट-तिप्पट उंच झाली होती. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लालभडक रंग येतो. मेंदी आम्हाला कुठली मिळायला, पंचमीला मी आणि आई पानंच चोळायचो. आण्णा रागवायचे, पण मोजून चार पानं स्वतःच तोडून आणून द्यायचे. उन्हाळ्यात डोंगरावर चालताना पायाखाली ती मोठी वाळकी पानं पापडासारखी मोडायची, आणि त्या आवाजावरून आण्णा किती लांब आहेत ते आईला चुलीपाशी बसून कळायचं. मग ती भाकरी थापायला घ्यायची, म्हणजे ते हातपाय धुऊन बसेपर्यंत ताटात गरम पडायची.

आण्णांना एकाच गोष्टीची भीती होती, वणव्याची. साप, कोल्हा, चोरून लाकूड तोडणारे, यांची ते पत्रास ठेवायचे नाहीत. पण कुणी बिडी पेटवली की ते त्या माणसाशी बोलता बोलता त्याच्या बोटांकडंच बघत राहायचे. स्वतः काडी ओढली, तर विझवून, मोडून, थुंकी लावून खिशात ठेवायचे. आईला चुलीतली राख बाहेर टाकायची परवानगी नव्हती. आधी तिच्यावर तांब्याभर पाणी, मग हात घालून बघायचं, मग खड्ड्यात. आई म्हणायची, तुझ्या आण्णाचं चाललं तर ते पेटल्या चुलीवरबी पाणी वततील आणि आपल्याला कच्चं पीठ खाया घालतील. दिवाळी झाली की ते मजूर घेऊन डोंगरावर जाळरेषा काढायचे. म्हणजे गवताचा आडवा पट्टा साफ करायचा, आग आलीच तर तिथं तिला खायला काही मिळू नये म्हणून. त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती आणि मजुरांना वरून मंजुरी यायची होती.

अळ्यांनी पंधरा दिवसांत डोंगर खाल्ला. खाल्ला म्हणजे पानं संपवली नाहीत, पानांमधला हिरवा भाग तेवढा खाल्ला आणि शिरा ठेवल्या. पान हातात धरलं तर आरपार पलीकडचं दिसायचं. खालून बघणाऱ्याला तर सगळा डोंगर करपल्यासारखा वाटायचा. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, वणवा लागला होता का हो, आणि आण्णांना ते फार लागायचं. त्यांनी ऑफिसला दोन कागद लिहिले, कीड पडली आहे, औषध मिळावं म्हणून. उत्तर आलं नाही. मग ते रोज सकाळी जाऊन हातानं अळ्या वेचायला लागले. डबाभर अळ्या आणायचे, रॉकेलमध्ये टाकायचे, पुन्हा जायचे. एवढा मोठा डोंगर आणि एक डबा. मला हसू यायचं आणि रडूही यायचं.

मग ते जेवेनासे झाले. ताटावर बसायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे, शेंगाची चटणी बोटानं इकडची तिकडं करायचे आणि उठायचे. आईनं हुलग्याचं माडगं केलं, लसणाची फोडणी दिली, येसराची आमटी केली. तिच्या हाताला चव होती, वैरागहून माणसं नुसती आमटी खायला यायची. पण ताट तसंच राहायचं. एकदा ती चिडून म्हणाली, झाडाला कीड लागली म्हणून माणसानं उपाशी मरायचं का. आण्णा शांतपणे म्हणाले, "ती मरत्यात गं. माझ्या डोळ्यांम्होरं मरत्यात." आईनं ताट उचललं. पण त्या रात्रीपासून ती विचारात पडली, आणि माझी आई विचारात पडली की काहीतरी करून बसायची, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आई माळशिरसकडची, मेंढपाळाच्या घरची. तिचं लहानपण कळपामागं गेलेलं. मेंढरांवर माश्या, चिलटं, गोमाश्या तुटून पडल्या की तिचे वडील वाड्याच्या चारी कोपऱ्यांना धुरी द्यायचे. घमेल्यात निखारे, वर शेणी, आणि त्यावर ओला कडुलिंबाचा पाला. ज्वाला होऊ द्यायची नाही, धूर मात्र इतका की मेंढरं शिंकायची. मेंढराला जे चालतं ते झाडाला का चालू नये, असा तिचा हिशोब होता. आणि खरं सांगायचं तर त्यात मला काही चूक दिसली नाही. मी चौदा वर्षांची, शास्त्रात पहिली येणारी. मी उलट तिला म्हणाले, अळीसुद्धा श्वास घेते, धुरानं गुदमरेल. एवढं ज्ञान माझ्याकडं होतं. ते नसतं तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस आण्णा महिन्याच्या बैठकीला बार्शीला गेले. त्यांची सायकल वळणाआड गेली आणि आईनं तीन घमेली काढली. निष्काळजीपणा तिनं जरासुद्धा केला नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. झाडांखालची जागा तिनं खराट्यानं साफ केली, घमेली दगडांवर ठेवली, दोन घागरी भरून आणल्या आणि मला घागरीपाशी उभं केलं. धूर वर चढला. थोड्या वेळानं अळ्या आपल्या बारीक धाग्यांना लोंबकळत खाली यायला लागल्या, शेकड्यांनी. आई हसायला लागली. पदरानं अळ्या झटकत, खोकत, डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसतेय. म्हणाली, "आज ह्यांना पोटभर जेवाय लावते का न्हाय बघ." तेवढ्या अर्ध्या तासात आम्ही दोघी जितक्या आनंदात होतो, तितक्या नंतर पुष्कळ दिवस नव्हतो.

मग मैदानाकडून वारं उठलं. मोठं नव्हतं. घमेल्यावरचं एक पेटतं पान उचललं गेलं आणि आम्ही साफ केलेल्या जागेच्या पलीकडं पडलं, अळ्यांनी खाऊन गळलेल्या त्या जाळीदार पानांच्या थरावर. मी घागर घेऊन धावले तोवर आग चार हात वर गेली होती. आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते, हे आण्णांनी मला शंभर वेळा सांगितलं होतं, पण सांगितलेलं कळणं वेगळं आणि तिच्यामागं पळणं वेगळं. आईनं लिंबाच्या फांद्या तोडल्या, एक मला दिली, आणि आम्ही झोडपत सुटलो. फांद्या जळाल्या तेव्हा ती हातानंच पेटती पानं मागं ओढायला लागली.

खालच्या शेतात बिरामामाची मेंढरं बसलेली होती. बिरामामा आईच्या माहेरच्या गावचा म्हातारा मेंढपाळ, दिवाळीच्या सुमाराला कळप घेऊन आमच्या बाजूला यायचा आणि आईला लेक मानायचा. तो धूर बघून वर आला. वाटेत त्यानं ती तीन घमेली बघितली, आईकडं बघितलं, आणि एक शब्द न विचारता अंगावरचं घोंगडं काढून आगीवर मारायला लागला. चांगलं जाड, नवं घोंगडं होतं. दुपार कलेपर्यंत तो मारत होता. आग शेवटी वरच्या उघड्या कातळाला जाऊन थांबली, ती आमच्यामुळं नव्हे, पुढं जळायला काही नव्हतं म्हणून. अर्धा डोंगर काळा झाला होता.

इथं मला आज कळलेली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मला चैन पडणार नाही. ती झाडं मरत नव्हती. सागाला ही अळी अधूनमधून पडते, पानं खाते आणि जाते. साग थंडी सरता सरता स्वतःच आपली पानं टाकून देतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतो. न जळलेला अर्धा डोंगर तसा फुटलाही, असा हिरवागार की जणू काही झालंच नव्हतं. जळलेल्या बाजूची थोडी झाडं बुंध्यापासून फुटली, वाकडीतिकडी, बाकीची गेली. माझी लेक फोनवर सांगते, तिकडं उंचावर उलटं चाललंय. बर्फ कमी पडतं, झाडं तहानेली राहतात, मग सालीखाली भुंगेरे शिरतात, आतून पोखरतात, आणि उभी वाळलेली झाडं एका ठिणगीची वाट बघत राहतात. तिथं कीड आणि आग हातात हात घालून येतात. आमच्याकडं किडीनं काही केलं नाही. आम्ही किडीला भ्यालो, एवढंच झालं. हे तिला सांगितलं तर ती म्हणते, आई, तुला माहीत नव्हतं. आज शहरात, शुक्रवार पेठेतल्या माझ्या घराच्या या खिडकीत बसून मलाही ते पटतं, पण पटल्यानं डोंगर भरून येत नाही.

आण्णा परत आले ते धूर बघूनच, आणि त्यांच्याबरोबर फॉरेस्टरसाहेब होते, त्यांचे वरचे. साहेबांच्या मोटारसायकलवरून उतरल्यावर आण्णा डोंगराकडं बघत किती वेळ उभे होते ते मला सांगता येणार नाही. आई आणि मी घरात होतो. बाहेर जायचं धैर्य आम्हाला नव्हतं. घमेली मी विहिरीमागं लपवली होती, आई नको म्हणाली नव्हती, व्हय म्हणाली नव्हती. साहेबांना डोंगराच्या पायथ्याला बिरामामा सापडला, काजळीनं माखलेला, हातात अर्धं जळकं घोंगडं आणि बंडीच्या खिशात काडीची पेटी. आता मेंढपाळ कोवळं गवत फुटावं, गोचीड मरावी म्हणून माळ जाळतात हे खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक. साहेबांना आणखी पुरावा नको होता. त्यांनी त्याला आमच्या ओसरीवर आणून बसवलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. पण आगीचा गुन्हा म्हणजे कळप अडकणार, खटला होणार, आणि बिरामामाचं कळपाशिवाय जगात काही नव्हतं. दाराच्या फटीतून मला त्याचे गुडघे दिसत होते, राखेनं पांढरे झालेले. साहेब विचारत होते, आग लावलीस का. तो गप्प. हो म्हणेना, नाही म्हणेना. नाही म्हणाला असता तर पुढचा प्रश्न आला असता, मग कुणी लावली, आणि त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. खाली त्याची मेंढरं ओरडत होती, पाण्याची वेळ झाली होती त्यांची.

गुन्ह्याचा रिपोर्ट लिहायचं काम गार्डचं. आण्णांनी वही उघडली, टाक धरला आणि ठरलेल्या आवाजात विचारलं, नाव सांगा मामा. बिरामामानं नाव सांगितलं. आण्णा लिहायला लागले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आईनं पदर डोक्यावर नीट ओढला. मला वाटलं, ती त्यांना पाणी द्यायला चाललीय. ती उंबऱ्याबाहेर गेली आणि म्हणाली, "त्यांनी न्हाय लावली. मी लावली."

साहेब दचकले. मग समजुतीनं म्हणाले, बाई, तुम्ही आत जा. तुमच्या मालकाच्या नोकरीचा प्रश्न आहे, काहीतरी बोलू नका. आई हलली नाही. धुरी कशी दिली, कुठं घमेली ठेवली, वारं कधी सुटलं, सगळं तिनं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "बिरामामा इजवाय आला. त्याचं घोंगडं बगा की. जाळणारा माणूस आपलं घोंगडं जाळील व्हय?" बिरामामा खाली मान घालून म्हणाला, पोरी, कशाला गं बोललीस.

साहेबांनी एकदा बिरामामाकडं, एकदा आईकडं बघितलं. मग आण्णांच्या कानाशी वाकून हळू म्हणाले, पण मला ऐकू गेलं, "म्हाताऱ्याचं खोडा. अज्ञात इसम लिहा. आपण दोघंच आहोत इथं." म्हणजे बिरामामा सुटला असता आणि आईसुद्धा. कुणाचंच काही गेलं नसतं. मी दाराआड उभी राहून देवाला म्हणत होते, लिहू दे, लिहू दे. आजही तशी वेळ आली तर मी तेच म्हणेन, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

आण्णांनी बिरामामाच्या नावावर एक रेघ मारली आणि बाजूला सही केली. मग टाक शाईत बुडवला आणि वहीवरून नजर न उचलता विचारलं, "नाव?"

आई गप्प झाली. इतका वेळ धडाधड बोलणारी बाई एकदम गप्प झाली. कारण पूर्ण नाव सांगायचं म्हणजे मधे नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि आईनं ते आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. नव्या नवरीला उखाण्यात घ्यायला लावतात, तिथंही तिनं म्हणे रडून सुटका करून घेतली होती. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात तिचं पूर्ण नाव मीच सांगायची. आत्ताही मी सवयीनं बाहेर आले आणि तोंड उघडलं. आण्णांनी हात वर करून मला थांबवलं. "जिचा जबाब तिनंच द्यायचा," ते म्हणाले. आवाज कोरडा होता.

"हिराबाई," आई म्हणाली. मग थांबली. आण्णांनी हिराबाई लिहिलं आणि तेही थांबले. खाली मेंढरं ओरडतच होती. साहेब डोंगराकडं तोंड करून उभे राहिले. आईनं खालच्या मानेनं, पण स्वच्छ, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हिराबाई सोपान वाघमोडे. राहणार हितंच."

आण्णांनी ते तसंच लिहून घेतलं. पुढं दंड झाला, आण्णांची बदली झाली, बढती बरीच वर्षं अडली, हा डोंगर पुन्हा त्यांच्याकडं आला नाही. त्याबद्दल घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. त्या दिवशी जबाब लिहून झाल्यावर त्यांनी तो वाचून दाखवला, आईनं बरोबर हाय म्हणून मान हलवली, आणि त्यांनी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. आईनं पदराखालचा हात बाहेर काढला. डावा हात होता, आणि अंगठ्यापासून मनगटापर्यंत मोठे फोड आले होते. उजवाही तसाच. इतका वेळ तिनं ते कुणाला दिसू दिलं नव्हतं. आण्णांनी शाईची डबी मिटली. वही जवळ ओढली आणि सावकाश, त्यांच्या त्या ठळक अक्षरात खाली लिहिलं, 'आग विझवताना दोन्ही हात भाजल्याने निशाणी अंगठा घेता आला नाही.' त्याखाली सही केली, टाक ठेवला, डोक्यावरची खाकी टोपी काढून वहीवर ठेवली आणि उभे राहून म्हणाले, "साहेब, सरकारी काम झालं. आता बायकोचा हात बगू द्या."